सौदीतल्या कंपाउंडमध्ये राहायला जाताना

सौदी अरेबियातली नोकरी पक्की झाली की घरात पगार, करार आणि मुलांची शाळा यांवर भरपूर बोलणं होतं. जो जोडीदार नोकरीसाठी चाललेला नाही, म्हणजे बहुतेक घरांत बायको, तिचा दिवस सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत तिथं कसा जाणार, याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. खोबार, दम्माम, जुबैल या पूर्वेकडच्या पट्ट्यात मी बरीच वर्षं राहिले. तिथं छान रुळलेली मराठी कुटुंबं पाहिली आणि वर्षाच्या आत बायको-मुलांना परत पाठवणारीही पाहिली. पगार दोन्हीकडे साधारण सारखेच होते. ज्यांनी घर, गाडी, शाळा हे सगळं दिवसभर घरी राहणाऱ्या माणसाच्या सोयीनं ठरवलं, त्यांचं बस्तान बसलं. पुढचं सगळं मी त्याच बाजूनं सांगते आहे.

कंपाउंड म्हणजे उंच भिंतीआडची वसाहत. आत पंचवीस-तीसपासून काहीशेपर्यंत व्हिला किंवा फ्लॅट, एक पोहण्याचा तलाव, छोटं दुकान, व्यायामशाळा, मुलांना खेळायला मोकळी जागा आणि दुरुस्तीची माणसं. ही पद्धत आली तेलाबरोबर. १९३८ साली दहरानच्या ७ क्रमांकाच्या विहिरीला व्यापारी प्रमाणात तेल लागलं आणि अमेरिकन कंपनीनं आपल्या लोकांसाठी तिथं थेट अमेरिकेतल्यासारखं गाव वसवलं. पुढं इतर कंपन्यांनी तोच कित्ता गिरवला. आजच्या भिंती, दारातले सिमेंटचे ठोकळे, वळणावळणानं आत जाणारा रस्ता आणि गाडीखाली आरसा घालून होणारी तपासणी यांमागं वेगळं कारण आहे. मे २००३मध्ये रियाधच्या तीन कंपाउंडवर आणि मे २००४मध्ये खोबारमध्ये दहशतवादी हल्ले झाले. त्यानंतर बंदोबस्त कडक झाला, आणि परिस्थिती निवळल्यावरही मोठ्या कंपाउंडमध्ये तो बराचसा तसाच राहिला. पहिल्या दिवशी हे फाटक बघून पोटात गोळा येतो. आठवड्याभरात त्याची सवय होते.

निघण्याआधीच्या कामांत सर्वांत जास्त वेळ कागद खातात, आणि मराठी घरांची एक अडचण त्यात हमखास डोकं वर काढते. ती म्हणजे नाव. लग्नाआधी बाईच्या नावात वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, लग्नानंतर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. काही घरांत पहिलं नावसुद्धा बदललेलं. विवाहनोंदणीच्या दाखल्यावर एक नाव, पासपोर्टवर दुसरं, पदवीवर तिसरं. नवऱ्याच्या पासपोर्टवर पत्नीचं नाव नसणं हेही नेहमीचंच. फॅमिली व्हिसाच्या खिडकीवर बसलेल्या माणसाला ही आपली पद्धत ठाऊक नसते. त्याच्या दृष्टीनं त्या तीन वेगळ्या बायका असतात. म्हणून ऑफर आली की पहिल्याच आठवड्यात घरातले सगळे पासपोर्ट, विवाहाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि पदव्या एका टेबलावर मांडा आणि प्रत्येक स्पेलिंग अक्षर लावून जुळवा. नाव बदलून पासपोर्ट घ्यायचा असेल तर तो आधी घ्या, दाखल्यांवर शिक्के त्यानंतर. सौदी २०२२च्या डिसेंबरपासून अपोस्टिल करारात, म्हणजे परदेशी कागद एकाच शिक्क्यावर मान्य करण्याच्या करारात आहे. पण तुमच्या कंपनीला कोणत्या कागदावर नेमका कुठला शिक्का हवा, हे तिच्या मनुष्यबळ विभागाकडून लेखी विचारून घ्या. एजंटच्या तोंडी सांगण्यावर थांबू नका.

दुसरी गोष्ट व्हिसावर लिहिलेल्या हुद्द्याची. इकामा, म्हणजे तिथलं राहण्याचं ओळखपत्र, त्यावर जो व्यवसाय छापला जातो त्यावरून कुटुंब आणता येईल की नाही हे ठरतं. ‘आत्ता या व्हिसावर चला, तिथं गेल्यावर बदलू’ असं कुणी म्हणालं तर थांबा. इंजिनिअर असाल तर सौदी कौन्सिल ऑफ इंजिनिअर्सची नोंदणी लागते आणि तिथं पदवीची खातरजमा होते, त्यामुळे मूळ गुणपत्रिका हाताशी असू द्या.

करारावर सही करण्याआधी घराबद्दल नीट विचारा. कंपनी कंपाउंडमध्ये घर देणार, की पगारात घरभाडं देऊन मोकळी होणार? घरभाडं बहुधा मूळ पगाराच्या पाव हिस्सा असतं, आणि चांगल्या कंपाउंडचं भाडं त्यात बसेलच असं नाही. शिवाय चांगल्या ठिकाणी वाट पाहणाऱ्यांची यादी असते. कुटुंबातल्या प्रत्येक आश्रितामागे सरकारला महिना ४०० रियाल भरावे लागतात. ही फी २०१७ साली १०० रियालपासून सुरू झाली आणि २०२०पर्यंत ४०० झाली. बायको आणि दोन मुलं धरली तर वर्षाला १४,४०० रियाल होतात, आणि ते इकामा काढताना किंवा त्याचं नूतनीकरण करताना भरायचे असतात. हे कंपनी भरणार की तुम्ही? शाळेची फी, वर्षातून एकदा घरी जाण्याची तिकिटं आणि गाडी, या तिन्ही गोष्टीही करारात लिहून घ्या. पगारावर तिथं प्राप्तिकर नाही, पण २०२०च्या जुलैपासून खरेदीवर १५ टक्के व्हॅट आहे. नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचा हिशेबही समजून घ्या: पहिल्या ५ वर्षांसाठी दर वर्षाला अर्ध्या महिन्याचा पगार, पुढं वर्षाला एका महिन्याचा. स्वतः राजीनामा दिला तर २ वर्षांच्या आत काहीच मिळत नाही, २ ते ५ वर्षांत एक तृतीयांश मिळतं, ५ ते १० वर्षांत दोन तृतीयांश, आणि १० वर्षांनंतर पूर्ण रक्कम.

भारतातल्या बँकेला कळवून चालू बचत खात्याचं एनआरओ करून घ्यायला आणि पगार पाठवण्यासाठी एनआरई खातं उघडायला विसरू नका. निघण्याच्या गडबडीत हेच राहतं.

सामानाबद्दल सविस्तर सांगते, कारण इथं चूक झाली तर विमानतळावरच अडकायला होतं. खसखस सौदीत चालत नाही. अफूच्या झाडाचं बी म्हणून तिथं ती बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. आपल्या बायका खसखशीची पुडी नेणार नाहीत, पण गोड्या मसाल्यात ती भाजून घातलेली असते, दिवाळीच्या डब्यातल्या अनारशांवर लावलेली असते, कडबोळ्यांबरोबर कुणी प्रेमानं दिलेल्या लाडवात असते. आईला आणि सासूबाईंना हे आधीच सांगा, आणि मसाला खसखस न घालता करून घ्या. औषधांचंही तसंच. ट्रॅमाडॉल, कोडीन असलेली खोकल्याची औषधं, झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्या यांवर कडक नियम आहेत. रोजची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजीतल्या चिठ्ठीसह आणि आधी परवानगी लागते का ते तपासून मगच न्या. लेबल नसलेली चूर्णं आणि पुड्या घरीच राहू द्या. एरवी खाण्यापिण्याची चिंता नको. खोबारच्या ‘लुलू’ या सुपरमार्केटात कढीपत्त्यापासून मेथीपर्यंत आणि मोसमात हापूससुद्धा मिळतो. न्यायचंच तर मोदकपात्र, सोऱ्या, पुरणयंत्र आणि सपाट बुडाचा कुकर न्या. घरातल्या शेगड्या बहुधा विजेच्या असतात, त्यावर गोल बुडाची भांडी नीट बसत नाहीत.

विजेचा दाबही आधी विचारून घ्या. पूर्वेकडच्या जुन्या घरांत ११० आणि २२० व्होल्ट अशी दोन्ही सॉकेट असतात, एकाच स्वयंपाकघरात शेजारी शेजारी. आपला मिक्सर ११०वर घरघरतो आणि वाटत काहीच नाही, आणि ११०ची अमेरिकन वस्तू २२०ला लावली की धूर निघतो. पहिल्याच दिवशी दुरुस्ती विभागाच्या माणसाला बोलावून कुठलं सॉकेट कितीचं हे चिकटपट्टीवर लिहून घ्या. हा माणूस बहुतेक वेळा केरळचा, तेलंगणाचा नाहीतर उत्तर प्रदेशचा असतो, हिंदीत बोलतो, आणि त्याच्याकडे त्या घराचा सगळा इतिहास असतो. त्याला चहा विचारा. फोडणीचा धूर थेट स्मोक डिटेक्टरला लागून अलार्म वाजतो, तेव्हा पंखा कुठला लावायचा हेही तोच सांगेल. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की नळाखाली हात धरवत नाही. त्यावर तिथल्या जुन्या लोकांची युक्ती आहे: गीझर बंद ठेवायचा, म्हणजे घरातल्या गारव्यात त्यातलं पाणी निवतं, आणि मग गरम पाण्याच्या नळातून गार पाणी घ्यायचं. लहान मुलांना अंघोळ घालणाऱ्या आईला हे पहिल्याच दिवशी ठाऊक हवं. पिण्याचं पाणी मोठ्या बाटल्यांतून घरपोच येतं.

पोहोचायचं कधी, हे बरेचजण कंपनीच्या सोयीवर सोडतात. कमावणारा माणूस आधी एकटा जातो, इकामा आणि बँकेचं खातं होतं, घराचा करार होतो, मग कुटुंबाचा व्हिसा. यात दोन-तीन महिने जातात. कुटुंबानं शक्यतो जून, जुलै, ऑगस्टमध्ये जाऊ नये. खोबार समुद्रकाठी असल्यामुळे उन्हाळ्यात नुसतं ऊन नसतं, दमटपणाही असतो. एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते. पण त्याहून मोठं कारण वेगळंच आहे. शाळांना सुट्टी लागते आणि अर्धं कंपाउंड आपापल्या देशाला गेलेलं असतं. नवी आलेली बाई रिकाम्या रस्त्यांकडे, पडदे ओढलेल्या घरांकडे बघत दोन महिने काढते आणि तिचं मत तिथंच पक्कं होतं की इथं माणसंच नाहीत. मुलं लहान असतील तर नोव्हेंबरात जा. हवा सुखद असते, संध्याकाळी सगळे बाहेर असतात. मुलं शाळेत असतील तर मार्चअखेर गाठा, कारण दम्माम आणि जुबैलच्या भारतीय शाळा सीबीएसईच्या आहेत आणि वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. प्रवेशाच्या तारखांवर मात्र दोन-तीन महिने आधीपासून लक्ष ठेवा. शाळेत मराठी विषय मिळेल अशी आशा धरू नका. ती घरीच शिकवावी लागेल.

आता कंपाउंड निवडण्याकडे वळते. कंपनी दोन-तीन पर्याय दाखवते तेव्हा पुरुषमाणसं तलाव बघतात, टेनिस कोर्ट बघतात, ऑफिसचं अंतर मोजतात. मी सांगेन, फाटकापाशी उभं राहून बघा की हातात गाडी नसलेली बाई इथून एकटी कुठं जाऊ शकते. हिवाळ्यात चालत जाता येईल असं दुकान, दवाखाना, बाग काही आहे का, की समोर सहापदरी रस्ता आणि पलीकडे वाळू आहे? खरेदीची बस आहे का? असेल तर तिचं छापील वेळापत्रक मागून घ्या आणि नीट वाचा. बऱ्याच ठिकाणी ती सकाळी सुटते, एकाच ठरलेल्या दुकानाशी नेते आणि दोन तासांनी परत आणते. मुलं दुपारी शाळेतून येतात त्याच वेळी ती परतत असेल तर ती बस असून नसल्यासारखी. शाळेची बस आत येते की फाटकाबाहेर थांबते? मे महिन्यात फाटकाबाहेर पंधरा मिनिटं उभं राहणं काय असतं, याचा अंदाज पुण्या-नाशकाच्या उन्हावरून येणार नाही. आत किती घरांत लहान मुलं आहेत हेही विचारा. काही कंपाउंडमध्ये बहुसंख्य घरं एकट्या राहणाऱ्या पुरुषांची असतात. व्हिला सुरेख असतात, पण दिवसा तिथं चिटपाखरूही दिसत नाही. छोटं, जुनं, पण कुटुंबांनी भरलेलं आणि गावात असलेलं कंपाउंड मला नव्या, प्रशस्त, वाळवंटाच्या कडेला असलेल्या कंपाउंडपेक्षा केव्हाही बरं वाटतं.

पहिल्या महिन्यात जोडीदाराच्या हातात स्वतःच्या काही गोष्टी यायलाच हव्यात: स्वतःच्या इकाम्यावर घेतलेलं सिमकार्ड, बँकेचं कार्ड, टॅक्सीचं ॲप, फाटकाचा आणि दुरुस्ती विभागाचा नंबर, आरोग्यविम्याचं कार्ड आणि जवळच्या दवाखान्याचं नाव. पूर्व प्रांतात तातडीच्या मदतीसाठी ९११ हा क्रमांक आहे. हे सगळं नवऱ्याच्या फोनमध्ये असून उपयोग नाही. तो प्लॅंटमध्ये असतो आणि तिथं फोन बाहेर ठेवावा लागतो, हे जुबैलमधल्या किती बायकांना मूल तापलेलं असताना कळतं!

आणि गाडी. २०१८च्या २४ जूनपासून सौदीत बायका गाडी चालवू शकतात. मी त्याच्या आधीचे दिवसही पाहिलेत. दूध संपलं तरी बसची किंवा नवऱ्याची वाट बघायची, ते दिवस. त्यामुळे आज नव्यानं येणारी एखादी मुलगी ‘मला कशाला लायसन्स, हे आहेत की’ म्हणते तेव्हा मला फार वाईट वाटतं. भारतातून निघण्याआधीच चालवायला शिका आणि लायसन्स काढा. तिथं गाडी उजव्या बाजूनं चालते, स्टिअरिंग डावीकडे असतं, वेग जास्त आणि माणसं आक्रमक. सिग्नल तोडला, वेग वाढला की साहेर नावाचे कॅमेरे टिपतात आणि दंड अबशेर या सरकारी ॲपवर जमा होतो. दम्माममध्ये बायकांसाठी वाहनशाळा आहे. फी भरा, रांगेत थांबा, पण हे काम पहिल्या वर्षात उरका. कंपाउंडच्या आयुष्यात यानं जितका फरक पडतो तितका कशानंच पडत नाही.

नोकरीचं म्हणाल तर कुटुंबाच्या इकाम्यावर सरसकट काम करता येत नाही. खासगी शाळांतून शिकवण्यासाठी अजीर नावाची परवानगी काढता येते. बीएड, एमएस्सी झालेल्या बायकांनी आपल्या पदव्यांवरही निघण्याआधीच शिक्के मारून घ्यावेत. नंतर तिथून कुरिअर करत बसणं फार जिकिरीचं होतं. घरबसल्या भारतातलं काम करण्याचा विचार असेल तर ते नियमात बसतं का, हे आधी विचारून घ्या.

कंपाउंडमध्ये बायकांचं कॉफी मॉर्निंग असतं. कुणाच्या तरी घरी किंवा क्लबहाउसमध्ये महिन्यातून एक-दोनदा जमतात. पहिल्या आमंत्रणाला जा. सांगली-सोलापूरकडून आलेल्या कितीतरी हुशार मुली ‘माझं इंग्रजी तेवढं नाही’ म्हणून घरी बसतात. तिथं आलेल्या इजिप्तच्या, फिलिपिन्सच्या, तुर्कस्तानच्या बायकांचंही इंग्रजी मोडकंतोडकंच असतं आणि त्या बिनदिक्कत बोलत असतात. पाकिस्तानी शेजारणीशी तर हिंदीतच गप्पा रंगतात; मुलांच्या आजारपणात पहिली धावून येते ती बहुतेकदा तीच. संध्याकाळी मगरिबची अजान झाली, ऊन उतरलं की मुलं सायकली घेऊन बाहेर पडतात. त्या वेळी घरात राहू नका. ओळखी तिथंच होतात.

मराठी मंडळींचा गट तुम्हाला लगेच सापडेल किंवा तोच तुम्हाला शोधून काढेल. घरच्या घरी गणपतीची आरती, संक्रांतीचं तिळगूळ, कुणाच्या आईनं पाठवलेली पुरणपोळी, हा आधार फार मोठा आहे. एक पथ्य पाळा: पगार, घरभाडं, कुणाच्या कंपनीनं कोणती गाडी दिली, हे विषय टाळा. बंद वसाहतीत तुलना फार लवकर मूळ धरते आणि चांगली मैत्री त्यात जाते.

धर्माबद्दलचा नियम साधा आहे. सार्वजनिक ठिकाणी इतर धर्मांची पूजाअर्चा करता येत नाही. घरात देवाचा छोटा फोटो ठेवून दिवा लावायला कुणी अडवत नाही. मोठा आवाज, मिरवणूक, त्याचे फोटो सोशल मीडियावर टाकणं हे टाळा. फॉरवर्ड करण्याच्या सवयीला तिथं लगाम घाला. धर्म, राजघराणं, राजकारण यांवरचा गमतीचा संदेशसुद्धा तिथल्या सायबर कायद्यात गंभीर गुन्हा ठरू शकतो. दारूवर बंदी आहे. कंपाउंडमधल्या काही घरांत ती गुपचूप गाळली जाते हे कानावर येईल. अशा मेजवान्यांपासून लांब राहा, कारण पकडलं गेलं तर नोकरी जाते आणि देशही सोडावा लागतो. अबाया, म्हणजे कपड्यांवरून घालायचा अंगभर झगा, आता कायद्यानं सक्तीचा नाही, पण खांदे आणि गुडघे झाकणारे सैल कपडे बाहेर घालावेतच. आपला पंजाबी ड्रेस उत्तम चालतो. एक अबाया मात्र कपाटात असू द्या. सरकारी कचेरीत जाताना त्यात मोकळं वाटतं. रमजानमध्ये दिवसा बाहेर पाणीही पिऊ नका, मुलांनाही समजावून सांगा. त्या महिन्यात दिवस मंद असतो आणि बाजार रात्री जागा होतो; शेजारच्या घरून इफ्तारचं ताट आलं तर ते रिकामं परत पाठवू नका.

भिंतीबाहेर पडणं हे मुद्दाम करायचं काम आहे, कारण आत सगळं मिळतं. आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते. शुक्रवारी सकाळी रस्ते मोकळे असतात. खोबारचा समुद्रकिनारा, दहरानचं इथ्रा हे संस्कृतिकेंद्र, अल-अहसाची खजुराची बनं (२०१८पासून हे मरुद्यान जागतिक वारशाच्या यादीत आहे), हे सगळं गाडीनं एका दिवसात होतं. कोकणातल्या माणसांनी कतीफच्या मासळीबाजारात जायलाच हवं. सुरमईला तिथं कनद म्हणतात, पापलेटला झुबैदी, कोळंबीला रुबियान. भाव करताना मच्छीवाला हिंदीत बोलायला लागतो, तेव्हा परकेपणा बराचसा गळून पडतो. १९८६ साली सुरू झालेल्या २५ किलोमीटरच्या किंग फहद पुलावरून बहरीनला जाता येतं. तिथं मनामात श्रीनाथजींचं जुनं मंदिर आहे, मराठी मंडळींचे कार्यक्रमही होतात. या प्रवासासाठी घरातल्या प्रत्येकाच्या इकाम्यावर एक्झिट-रीएंट्री व्हिसा लागतो आणि बहरीनचा व्हिसाही.

याच एक्झिट-रीएंट्रीबद्दल कळकळीनं सांगते. हा व्हिसा असल्याशिवाय देशाबाहेर पडता येत नाही. घरी वडील अतिदक्षता विभागात आहेत असा रात्री फोन येतो, विमान पहाटेचं असतं, आणि तेव्हा कुणी हा व्हिसा काढायला बसतं. कुटुंबाचा हा व्हिसा इकामाधारकाला अबशेरवरून काढता येतो, पण तेवढ्यात एखादा न भरलेला वाहतुकीचा दंड आडवा येतो, ॲपचा पासवर्ड आठवत नाही, पैसे भरण्याची मर्यादा संपलेली असते. म्हणून म्हाताऱ्या आई-वडिलांना मागं ठेवून आलेल्यांनी अनेक फेऱ्यांचा व्हिसा कायम चालू ठेवावा, दंड लगेच भरावेत आणि पासपोर्ट स्वतःच्या कपाटात ठेवावेत. पासपोर्ट मालकानं ताब्यात ठेवणं तिथल्या कायद्यातही बसत नाही.

हे शेवटचं वाक्य कंपाउंडऐवजी कामगार कॅम्पात जाणाऱ्यांसाठी जास्त महत्त्वाचं आहे. रत्नागिरी-रायगडातून पिढ्यान्‌पिढ्या माणसं आखातात जात आली आहेत आणि त्यांतली कितीतरी एका खोलीत चार-सहाजण अशी राहतात. त्यांनी इकामा आणि पासपोर्ट स्वतःजवळ ठेवावा, करार किवा या सरकारी पोर्टलवर नोंदला आहे का ते बघावं, आणि १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२ ते ३ उघड्यावर काम करायला लावण्यास मनाई आहे हे लक्षात ठेवावं. कंपाउंडमध्ये राहणाऱ्यांनीही हे वाचावं. तुमची बाग राखणारा, तुमची बस चालवणारा माणूस संध्याकाळी अशाच कॅम्पात परततो, आणि एखादा अरबी कागद वाचून घ्यायला, घरी पैसे पाठवण्याचं ॲप समजावून घ्यायला त्याला तुमची मदत लागते.

आई-वडिलांना बोलवायचं असेल तर भेटीच्या व्हिसावर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत बोलवा. विमा व्हिसाबरोबर येतो, पण जुन्या आजारांवर तो किती खर्च देतो ते आधी वाचा, आणि त्यांची औषधं किमान महिनाभर जास्त आणायला सांगा. ते आले की सकाळी फिरायला त्यांना कंपाउंडची आतली फेरी दाखवा. दोन-चार दिवसांत इतर घरांतले आजी-आजोबाही त्याच वेळी बाहेर पडू लागतात. त्यांची गोड्या मसाल्याची पिशवी मात्र निघण्याआधी फोनवर एकदा विचारून घ्या.